कपाटात थांबलेलं घड्याळ

जपून ठेवलंय, असं अभिमानानं सांगता आणि आम्हाला उपाशी मारता! ज्याचा जीव हालचालीवर आहे त्याला मऊ कापडात गुंडाळून कुलूप लावायचं, याला प्रेम म्हणता?

मी एक घड्याळ बोलतोय. ऑटोमॅटिक. माझ्या पोटात सेल नाही. तिथे एक अर्धगोल वजन आहे. माणसाचा हात हलला की ते फिरतं, स्प्रिंगला पीळ बसतो आणि मी चालतो. हात मिळाला नाही, तर दीड दिवसात थांबतो.

मस्कतच्या दुकानात इसहाकनं मला हातात घेतलं, तेव्हा शेजारी समुद्रात बुडी मारणाऱ्यांसाठीचं एक घड्याळ होतं. दोघंही खिशाला परवडणारे, आतलं यंत्रही एकच. पण ते जाडजूड, दोनशे मीटर पाणी सोसणारं. वेळ मोजायला काचेभोवती फिरती कडी, अंधारात चमकणारे काटे. मी खेळाडूंसाठीचा, सडपातळ, शंभर मीटरवाला. इसहाकनं आम्हाला आळीपाळीनं मनगटावर चढवून पाहिलं आणि दोघांनाही घेतलं. ते दांडगं धाकट्या भावाला, हुझैफाला. मी बायकोला, हुस्नबानूला.

"रोज घाल," म्हसळ्याच्या घरी मला तिच्या हातात देताना तो म्हणाला, आणि रजा संपवून परत गेला.

तिनं घातलं नाही. मासळी साफ करताना पाणी लागेल, वाटण करताना चरा पडेल. गल्फची वस्तू त्या घरात वापरत नसत, जपत. कपाटात न फोडलेलं अत्तर होतं, घडी न मोडलेली चादर होती. त्यांच्यात मी तीन वर्षं काढली. ईदेला पाहुण्यांना दाखवायला बाहेर, पुन्हा आत. अत्तराच्या बाटलीशी बोलून पाहिलं. तिला वाट बघायची सवय झाली होती. मला झाली नाही.

फोनवर इसहाक विचारायचा, "घड्याळ घालतेस ना?"

"रोज!"

मी कपाटातून ऐकायचो. ओरडायला टिकटिकही उरली नव्हती.

मग कळलं, तो गुरुवारी रजेवर येतोय. हुस्नबानूनं मला काढलं, वेळ लावली, टेबलावर ठेवलं. मी पुन्हा थांबलो. तेवढ्यात आगरदांड्याच्या जेट्टीवरून हुझैफा आला. त्याच्या हातावर माझा सोबती. काचेवर ओरखडे, कडीत मीठ, पण सेकंदकाटा धावत होता. मला त्याच्या एकेका ओरखड्याचा हेवा वाटला.

"भाभी, माझं बोटीवर मार खाऊन चालतंय न् तुझं बसल्या जागी बंद! भावाला फसवलान दुकानदारानं."

"त्यांना काय बोलू नको. माझ्याच हातून बिघडलं असेल." तिचा आवाज बारीक झाला. तीन वर्षांचं 'रोज' आता उघडं पडणार होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं माणगाव गाठलं. "नवा सेल घाल रे," तिनं घड्याळं दुरुस्त करणाऱ्या हर्षदला सांगितलं. त्यानं मला दोनदा हलवलं. मी चालू लागलो.

"भाभी, यात सेल न्हाय न् बिघाड पण न्हाय. हातात घाला, बास."

तिनं मला मनगटावर बांधलं. तिच्या नाडीचा ठोका माझ्या पाठीला लागला.

एसटी स्टँडवर इसहाकचा फोन आला. त्याच्या जागी माणूस मिळाला नव्हता. रजा दोन महिने पुढे गेली, तेही नक्की नाही. ती "बरं" म्हणाली आणि तिची बोटं माझ्या पट्ट्याच्या हुकाकडे गेली. तो येणार नाही, तर घालायचं कुणासाठी? पर्समध्ये माझी डबी होती. नको गं, मी जिवाच्या आकांतानं टिकटिकलो, तो नसला तरी तू आहेस ना!

"घड्याळ घालतेस ना?" पलीकडून आवाज आला.

'रोज' ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं. "आजपासून घातलंय. इतके दिवस कपाटात होतं."

तो म्हणाला, "आता काढू नकोस."

तिची बोटं हुकावरून सरली. फोन बंद झाला. एसटीला वेळ होता. ती बाकावर बसून माझ्याकडे पाहत राहिली. एक मिनिट, मग आणखी एक.

शेजारच्या भाजीवाल्या म्हातारीनं तिला कोपरानं ढोसलं. "मगाधरनं घड्याळात बघतेस, बाय. कोन यायचा हाय?"