लेथच्या पोटातली चावी

केस विंचरायला माझा उजवा हात वर जात नाही. केस नवरा बांधतो, तेही कसेबसे, कारण त्याचं उजवं मनगट अपघातात गेलंय. घरातले दोन उजवे हात एकाच लेथनं खाल्ले आणि लोक मला विचारतात, बाई असून मशीन कसं चालवता? बाप्ये चालवतात तसंच. कंटाळत.

लोखंड कापून घडवायचा हा लेथ छोटा आहे, घराच्या पुढच्या खोलीत मावेल एवढा. चकाच्या जबड्यात जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, फिरतो, सॅडल नावाच्या सरकत्या गाड्यावर कापायचं टूल बसवलेलं असतं आणि सॅडल हळूहळू चकाकडे सरकतं. एवढाच खेळ. ते सरकवायचं कुणी, हा प्रश्न. हातचाकानं सरकवलं तर खांद्यानं. ऑटो लावली तर मशीन स्वतः सरकवतं. लेथच्या पुढच्या बाजूला लांब आडवा स्क्रू फिरत असतो. त्याच्या अंगावर या टोकापासून त्या टोकापर्यंत खाच असते आणि सॅडलच्या पोटातली छोटीशी चावी, म्हणजे एक लोखंडी पाचर, त्या खाचेत अडकलेली असते. स्क्रू फिरला की चावी फिरते, चावीबरोबर गिअर फिरतात आणि सॅडल ओढलं जातं.

आमची ऑटो मेलीय, असं सासरे म्हणायचे. अपघातात गिअर तुटला, तसला आता मिळत नाही, हातानं चालव. मी विश्वास ठेवला. आटे पाडायचा जो अर्धा नट असतो, तो लावून सरकवू का विचारलं, तर म्हणाले, रोजच्या कामाला तो लावलास तर स्क्रू झिजेल. खरंच होतं ते. स्क्रू झिजायला नको होता. मी झिजले तर चाललं.

डॉक्टरीणबाईंनी हे काम बंद करा म्हणून सांगितलं. घरात तिसरा उजवा हात सासऱ्यांचा, तो चहाचा कप धरतानाही थरथरतो. कुणाच्या भरवशावर बंद करू?

मग एका दुपारी सासरे जेवून आडवे झाल्यावर मी सॅडलचं पुढचं झाकण उघडलं. म्हटलं, तुटका गिअर काढू आणि कुठूनतरी तसाच कापून आणू. कोपरापर्यंत काळं तेल लागलं. फडक्यानं एकेक दात पुसून पाहिला. सगळे शाबूत. जागेवर नव्हती ती फक्त चावी. तिच्या जागेच्या कडेला स्क्रूड्रायव्हरनं उचकटल्याचा ओरखडा होता.

तुटली नव्हती. कुणीतरी काढली होती.

मी ओरडले नाही. ओरडायलाही अंगात जीव लागतो. सासरे उठून आले, उघडं झाकण पाहिलं आणि स्टुलावर बसले. खिशातून चष्म्याचं घर काढलं, त्यातून चिंधीत गुंडाळलेली चावी काढून माझ्यासमोर धरली. बोटाच्या पेराएवढी. मी खांदा शेकत बसायचे, तेव्हा समोर सासरे चष्मा पुसत असायचे.

"हातानं चालवताना डुलकी लागली तर हात थांबतो," ते म्हणाले. "हात थांबला की सॅडल थांबतं. त्या दिवशी ते थांबलं नाही."

त्या दिवशीचं घरात सगळ्यांना पाठ आहे. नवऱ्याला उभ्या उभ्या झोप लागली, सॅडल चालत जाऊन चकावर आदळलं, जॉब निसटला आणि मनगटावर बसला.

"म्हणजे माझा खांदा हा तुमचा ब्रेक," मी म्हटलं. "मला विचारायचं तरी होतं, अण्णा."

विचारलं असतं तर तू ऑटोच मागितली असतीस, म्हणाले. मागितलीच असती.

मग माझ्या डोक्यात आलं ते मी विचारलं. सॅडल कुठे अडलं तर आतला क्लच घसरतो आणि सॅडल जागच्या जागी उभं राहतं, हे मला त्यांनीच शिकवलेलं. "त्या दिवशी क्लच का नाही घसरला?"

ते स्टुलावरून उठले. वाकले आणि बोट आत घालून दाखवलं. क्लचच्या पट्ट्यांमागे एक जादा वायसर होता.

"जाड कट घेताना सारखा घसरायचा. वैतागून मी घातला. क्लच घट्ट बसला एकदम, मग घसरेचना."

"ह्यांना माहीत आहे?" मी नवऱ्याबद्दल विचारलं.

त्यांनी मान हलवली. नाही.

मला राग आला, पण नीट रागवायलाही झोप झालेली लागते. वायसर काढून मी त्यांच्या तळहातावर ठेवला. म्हटलं, हे तुम्ही सांगायचं. आज. मी सांगणार नाही आणि लपवणारही नाही.

चावी बसवली, झाकण लावलं. चकापासून लांब सॅडलच्या वाटेत लाकडाचा ठोकळा घट्ट बांधला आणि ऑटो लावली. सॅडल सरकत जाऊन ठोकळ्याला टेकलं, आतून क्लच कुरकुरत घसरला आणि सॅडल थांबलं. चक फिरतच राहिला. सासऱ्यांनी मला पुन्हा करायला लावलं. परत थांबलं. त्यांनी डोळे पुसले की चष्मा, मी बघितलं नाही.

ठोकळा काढून मी कामाला लागले. तेवढ्यात नवरा आतून आला आणि दारातच थबकला. अपघातानंतर ऑटोचा हा आवाज त्यानं ऐकला नव्हता. भेदरून आधी त्यानं माझ्या हातांकडे पाहिलं.

"चालू कशी झाली?"

"अण्णांना विचारा," मी म्हटलं.

पाठीमागे स्टूल सरकल्याचा आवाज आला. सासरे म्हणाले, बस जरा, तुला काहीतरी दाखवायचंय.

मी वळले नाही. टूलवर नजर होती. सॅडल आपलं आपण सरकत होतं. माझा हात नुसता लोंबत होता, आणि चाक फिरवत असल्यासारखा अजून दुखत होता.