जाऊबाईंचं प्रेशर

आमच्या लॉन्ड्रीत बसायला एकच उंच स्टूल आहे आणि जाऊबाईंना दिवस राहिल्यापासून ते त्यांचं झालं. त्या बेचाळिशीच्या, लग्नाला कितीतरी वर्षं झाल्यावर पहिलटकरीण. मी बावीस वर्षांची आणि मीही पहिलटकरीणच. पण त्या स्टुलावर बसून पावत्या फाडतात आणि मी उभ्याने इस्त्री मारते.

डॉक्टरांनी सासूबाईंना समोर बसवून सांगितलं होतं, या वयात साखर वाढू शकते, प्रेशर वाढू शकतं, बाळंतपण अडू शकतं, ऑपरेशनची तयारी असू द्या. सासूबाईंनी ते सगळं पाठ केलं. माझ्यासाठी त्यांच्याकडे एकच वाक्य होतं. "तुझं काय, तरणीताठी आहेस, हसत हसत मोकळी होशील."

मला जाऊबाईंचा हेवा वाटायचा. त्यांच्या पायाखालच्या उशीचा, त्यांच्यापुढे येणाऱ्या फळांच्या फोडींचा, त्यांनी नुसतं 'हुश्श' केलं की धावणाऱ्या माणसांचा. माझे पाय सुजून चपलेत मावेनात, तर सासूबाई म्हणाल्या, "दिवसभर उभं राहिलं की व्हायचंच." डोकं ठणकायला लागलं, तर म्हणे इस्त्रीची वाफ. गेल्या तपासणीला आमची दोघींची तारीख एकच आली. दुकान कुणीतरी सांभाळायला हवं होतं. ते कुणी सांभाळलं, हे सांगायला नकोच.

प्रेशर मोजायचं मशीन घरात आलं तेही त्यांच्यासाठीच. रोज संध्याकाळी दुकानामागच्या खोलीत त्याचा सोहळा चाले. जाऊबाई दंडाला पट्टा बांधून बटण दाबायच्या आणि तोंड भिंतीकडे फिरवायच्या. आकडा पाहिला की भीतीनेच तो वाढतो, असं त्यांचं म्हणणं. मग सासूबाई चष्मा लावून आकडा वाचायच्या आणि म्हणायच्या, "छान आहे हो." किती लाड ते! मी पडद्याआडून बघायचे आणि जळायचे.

त्या दिवशी मोजणं झालं आणि तेवढ्यात काउंटरवरची घंटी वाजली. सासूबाई आकडा न वाचताच बाहेर गेल्या. जाऊबाई पट्टा काढून आत आडव्या झाल्या. मशीन टेबलावर एकटंच होतं. मी पट्टा चढवला. आजाराची शंका होती म्हणून नाही, एकदा तरी तो पट्टा माझ्या दंडाला हवा होता म्हणून. पट्टा फुगला, सैल पडला आणि आकडा आला एकशे चौसष्ट, खाली एकशे आठ. सासूबाईंची पावलं वाजली तशी मी पट्टा ओढून काढला आणि पडद्यामागे सटकले.

सासूबाईंनी आकडा वाचला आणि मटकन खाली बसल्या. मग हाका, धावपळ, गाडी. मला बरोबर घेतलं ते पिशवी धरायला.

गाडीत जाऊबाई पोट धरून रडत होत्या. मला खरं ते सांगता आलं असतं. पण मनात पहिलं काय आलं, तर माझं प्रेशरसुद्धा ह्यांच्याच नावावर जमा झालं. आणि दुसरं आलं, की रडू दे जरा. डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, तरी मी गप्प राहिले.

दवाखान्यात त्यांचं प्रेशर दोनदा मोजलं. अगदी व्यवस्थित निघालं. डॉक्टरीणबाई हसल्या. "मशीन बिघडलं असेल. घरी जा."

"फेकून देते मेलं," सासूबाई म्हणाल्या आणि जाऊबाईंच्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या. सगळे उठले. माझ्याकडे कुणी पाहिलंही नाही. आता आपण असेच घरी जाणार, हे कळलं. घरी मला कोण मोजणार होतं?

"मशीन चांगलं आहे," मी म्हणाले. "तो आकडा माझा होता."

सासूबाई भडकल्या. "तू कशाला हात लावलास त्याला? हिचा जीव गेला असता भीतीने."

डॉक्टरीणबाईंनी मात्र माझे पाय पाहिले, बोटात रुतलेली अंगठी पाहिली. "डोकं दुखतं? डोळ्यांपुढे चमकतं?" मी मान हलवली. त्या सासूबाईंकडे वळल्या. "वयाने धोका वाढतो हे खरं. पण पहिलटकरणीला तो कुठल्याही वयात असतो. हिला आत्ता दाखल करायचं."

मला खाटेवर निजवलं, दंडाला पट्टा बांधला. महिनोन् महिने मला हवं होतं ते सगळं आता माझ्याभोवती होतं आणि मला त्यातलं काहीच नको होतं. पट्टा फुगायला लागला तसं मी तोंड भिंतीकडे फिरवलं.

माझ्या उशाशी कुणीतरी स्टूल ओढलं. जाऊबाई होत्या. "सगळे 'तरणीताठी' म्हणायचे ना तुला," त्या हळूच म्हणाल्या, "तेव्हा मला तुझ्याकडे बघवायचं नाही गं. तुझे पाय दिसत होते मला. मी बोलले नाही."

पट्टा सैल पडला.

"बघू नकोस," त्या म्हणाल्या आणि आकडा त्यांनी स्वतः वाचला.

'छान आहे हो' असं काही त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी फक्त माझा हात घट्ट धरला.