थकलेल्या देवावरची काट

नातेवाइकांत त्याला सगळे नास्तिकराव म्हणत, आणि मनातून त्याला ते आवडायचंही. धंदा मात्र देवांचाच. लाकडी फळीवर पटाशीने देव कोरायचे, वर काळी शाई फिरवायची आणि कागदावर ठसे घ्यायचे. त्याचे देव गालात हसणारे नव्हते. डोळ्यांच्या नुसत्या खाचा, वाकडी तोंडं, बोटं करवतीच्या दात्यांसारखी. जाणकार माना डोलवत, नातेवाईक नाकं मुरडत, आणि दोन्हींनी त्याचं नाव होत होतं.

यंदाचा देव राक्षसाला मारून मटकन खाली बसलेला होता. ठसे काढून झाले आणि चित्रं विकणाऱ्या बाई दारात हजर. या धंद्यातला रिवाज असा, की शेवटचा ठसा निघाला की फळीवर आडवी काट मारायची, म्हणजे पुन्हा कुणी चोरून छापायला नको. काट डोळ्यांनी पाहिल्याशिवाय बाई ठसे उचलणार नव्हत्या, आणि प्रदर्शन तर तोंडावर आलेलं.

आधीच्या देवांवर त्याने शीळ घालत काट मारली होती. या दमलेल्या जिवाच्या कपाळावर पटाशी टेकवली आणि हात पुढे सरकेना. त्याला चक्क भीती वाटली. भीतीपेक्षा लाज जास्त.

“मनगट धरलंय,” तो म्हणाला. बाईंनी घड्याळ पाहिलं.

मग त्याला आई आठवली. वाटेतल्या दगडालाही हात जोडणारी बाई, ती हे होऊ देणं शक्यच नाही. काट टळेल आणि नाव आईचं पुढे करता येईल. सुंठीवाचून खोकला गेला!

“आई, जरा ये गं! या बाई म्हणतायत, यावर काट मारा. तुला चालेल का?”

आई पदराला हात पुसत आली. चष्मा लावून तिने फळी निरखली.

“एवढ्यासाठी हाका मारतोस? मला वाटलं, विंचू निघाला.”

तिने पटाशी घेतली, जोर लावला आणि देवाच्या या कानापासून त्या कानापर्यंत खर्रकन रेघ ओढली. वर भुसा फुंकला.

“आई! अगं, देव होता तो!”

बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. आईच्या हातातली पटाशी खाली पडली.

“मेल्या, आता सांगतोस? इतकी वर्षं माझ्याशी भांडलास, हे नुसतं लाकूड आहे म्हणून. शेवटी ठेवला ना मी तुझ्यावर विश्वास!”