कुर्लीच्या नांगीतली कुडी

मित्रांनो, मी सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. माझ्यासारखी मुगाएवढी, कानातली जुनी कुडी एका कुर्लीच्या नांगीत अंगठीसारखी मिरवली, असं दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर मीही त्याला वेड्यात काढलं असतं. पण मी मिरवले. कुर्ली म्हणजे खेकडा, हे घाटावरच्या मित्रांसाठी; आमच्याकडच्या पोरांना ते सांगायला नको.

माझा जन्म बांद्याचा, महादू सोनाराच्या मुशीतला. पलीकडे गोव्यात तेव्हा पोर्तुगीजांचं राज्य होतं. माझी जुळी बहीण माझ्याबरोबरच जन्मली आणि आताही या कुंकवाच्या करंड्यात माझ्या शेजारी पडली आहे. ती फार बोलत नाही. ते काम मी करते.

एके दिवशी आरोंद्याकडची तुळसा लेकीला घेऊन दुकानात आली. लेकीचं, शेवंतीचं, लग्न ठरलं होतं. तुळसाच्या पदराच्या गाठीत काजूबिया विकलेले पैसे होते. ते पुरेनात, म्हणून तिने तिथल्या तिथे आपल्या कानातल्या बाळ्या काढल्या. झिजून झिजून त्या दोऱ्यासारख्या झाल्या होत्या. एवढ्या पैशांत लेकीला रोज घालता येईल असं काहीतरी घ्यायचं होतं. महादूने दोन जोड पुढे ठेवले. एक जोड चांगला अबोलीच्या फुलाएवढा, झगझगीत. दुसरा आमचा.

"आये, ह्यो मोठ्यो घे," शेवंती म्हणाली. "लांबसून दिसतत."

तुळसाने आधी मोठी कुडी तळहातावर घेतली, मग मला, आणि डोळे मिटून बसली. मग दोघींना पाटावर टाकून कान दिला. मोठी 'टप्प' बोलली. मी 'टिण' बोलले.

मोठीकडे बोट करून तिने विचारलं, "हिच्या पोटात काय रे, महादू?"

"लाख. वरती सोन्याचो पत्रो. खोटा कित्याक बोलू?"

मग तिने माझी फिरकी काढली, लावली, पुन्हा काढली. मला स्वतःच्या रिकाम्या कानात घातलं, मान झटकून पाहिली, आणि काय करावं? सोनाराच्या तक्क्यावर गाल टेकून सरळ आडवी झाली.

"काय गो ह्या? निजतंस की काय?" महादू हसायला लागला.

"निजताना काढूच्यो लागतत, त्यो रोजच्यो न्हय," ती उठत म्हणाली. "ह्यो दी."

"पण ह्यो कोणाक दिसतल्यो?" शेवंती रडवेली झाली.

"दाखवूक नाय गो बाय, घालूक घेतंय. फिरकी तेवढी रोज सकाळी पिळीत जा."

घरी जाताना तुळसाने कानांची भोकं बुजू नयेत म्हणून त्यांत केरसुणीचे हीर घातले. ते तिच्या कानांत तसेच राहिले.

सासरी शेवंतीची सासू काशीबाई. या काशीबाईच्या जिभेला धार होती आणि त्याच जिभेला कुर्ल्यांचं भारी वेड होतं. कुर्लीचं सार होणार असलं की म्हातारी चूल पेटायच्या आधी पाटावर बसायची. सुनेच्या कानाकडे बघून ती पहिल्याच दिवशी म्हणाली, "तुझ्या आवशीन कानात मूग पेरल्यान की काय? पाऊस लागलो काय मोड येतले."

शेवंती आम्हाला पदराखाली लपवू लागली. पण शेजारणीने, सुगंधाने, हौसेने लाखेच्या कुड्या केल्या होत्या. चुलीच्या धगीने त्यांतली लाख पातळ झाली, बोटाच्या दाबाने पत्रा चेपला, आणि बिचाऱ्या गालफुगी झाल्यासारख्या दिसू लागल्या. आम्ही मात्र धूर, घाम, खारा वारा सोसून जशाच्या तशा. तेव्हापासून शेवंतीचा पदर कानावरून मागे सरला. मला ते फार आवडलं.

आणि मग भाताची लावणी आली. एका सकाळी घाईत फिरकी पिळायची राहिली. डोक्यावरचं इरलं काढताना त्याची काडी माझ्यात अडकली, आणि मी चिखलात गेले. शेवंतीला कळलं तेव्हा अर्धा मळा लावून झाला होता. तिने ओंजळीओंजळीने चिखल चाळला. घरी आली ती जेवेचना. माझ्या बहिणीला कानातून काढून तिने देवाकडे ठेवलं.

"गणपतीच्या चवथीक म्हायेराक जावचा आसा," ती नवऱ्याला म्हणाली. "आये कानात हीर घालून बसलेली आसतली. तिच्या बाळ्यो माझ्यापायी गेल्यो. मी भुंड्या कानान कशी उभी ऱ्हवू तिच्यासमोर?"

"मुगाचो दाणो तो," काशीबाई दारातून म्हणाली. "मळ्यात पडलो तर पिकतलो." आणि गुरं बघून येते म्हणत बाहेर पडली.

सत्यवानने, म्हणजे शेवंतीच्या नवऱ्याने, दुपारीच बांधावर नारळ ठेवून शेत राखणाऱ्या देवाला, राखणदाराला, गाऱ्हाणं घातलं होतं. "बा राखणदारा महाराजा, माझ्या अस्तुरेचा सोना तुझ्या चिखलात पडला आसा. ता परत दी." सोबतचे गडी म्हणाले, "होय महाराजा." येताना तो बांधावरच्या कुर्ल्या पकडून घेऊन आला आणि त्या त्याने मडक्यात झाकून ठेवल्या.

आता ऐका हं. ते गाऱ्हाणं मी चिखलाखालून ऐकत होते. राखणदाराने लगेच एका थोराड कुर्लीला हुकूम सोडला. तिने मला नांगीत उचललं, बिळात नेलं, आपल्या सगळ्या गोतावळ्याला दाखवलं. कुर्ल्यांच्या बायका रांगेने येऊन मला बघून गेल्या. मग ती कुर्ली मला घेऊन आपल्या पायांनी घरापर्यंत आली आणि स्वतः होऊन मडक्यात शिरली.

सकाळी शेवंतीने सारासाठी मडकं उघडलं, तर मी एका कुर्लीच्या नांगीत लखलखत होते. आधी तिने मला सोडवून कानात घातलं. काशीबाई बोटाला चिंधी गुंडाळून कोपऱ्यात बसली होती. विळा लागला म्हणे. शेवंतीने ती कुर्ली बांधावर नेऊन सोडली आणि शपथ घेतली, या घरात पुन्हा कुर्ली शिजणार नाही. काशीबाई पेज आणि खारातली कैरी मुकाट्याने खात राहिली, शेवटपर्यंत. चवथीला शेवंती दोन्ही कानांनी माहेरी गेली. तुळसाने मला चिमटीत धरून फिरकी पिळून बघितली आणि मान डोलावली, बस.

तर मित्रांनो, दागिना घ्याल तेव्हा लहान घ्या, पण भरीव घ्या. फिरकी बघून घ्या, आणि घेतल्यावर तिला विसरू नका. आणि त्या कुर्लीने मला जसं जपलं तसं—

"पुरे गो," शेजारून माझी बहीण बोलली. "मी देवाकडसून सगळा बघी होतंय. तिन्हीसांजेक म्हातारी इली, कोपरापर्यंत चिखल. तुका धुतल्यान, पदराक पुसल्यान, आणि मडक्यातल्या कुर्लीच्या नांगीत घालताना बोट फोडून घेतल्यान. सुनेक कधी कळू दिल्यान नाय. तुका सांभाळल्यान ती कुर्ली न्हय गो. जिने जन्माची कुर्ली खावची सोडल्यान, ती."