मुठीखालची खूण

"जानबेक, आधी शिक्का वाच, मग पूस. आणि ओळख पटलीच, तर ज्याचं त्याच्या घरी पोचव. माझ्याच्यानं आता व्हायचं नाही."

मुहर्बीचे हे शेवटचे शब्द जानबेकच्या कानांतून जात नव्हते. दोघंही फौजेतून निवृत्त झालेले. जुनी लष्करी रिव्हॉल्व्हरं जमवायची आणि शिक्क्यांवरून त्यांची कुळकथा लावायची, हा दोघांचा नाद. आता मुहर्बी वादी-सीर गावच्या टेकडीवर मातीआड झाला होता आणि त्याच्या चाळिसाव्या दिवसाला जानबेक त्याच्या घरी बसला होता.

"गुरुवारचा रोजा आहे ना तुमचा?" नफसेत, मुहर्बीची बायको, म्हणाली. "अक्रोडाच्या रश्श्यातली कोंबडी झाकून ठेवलीय. सूर्य बुडाल्यावर जेवूनच जायचं, दादा."

मग तिनं रुमाल सोडला. आत ते वेब्ली रिव्हॉल्व्हर, मुहर्बी शेवटी ज्याबद्दल बोलला तेच. चांदीच्या भांड्यासारखं लखलखत होतं. जानबेकनं ते उलटंपालटं करून पाहिलं.

"वहिनी, हे काय केलंत?"

"काय म्हणजे? पाहुणे येणार, घरातली वस्तू मळकट कशी दाखवू? राख-लिंबानं घासलं. बोटं सोलली माझी."

पोलादाची काळीनिळी झाक गेली होती. मुठीमागच्या पट्टीवर पलटणीचा पुसटसा शिक्का होता, तिथं आता नुसता गुळगुळीतपणा. त्या शिक्क्यावरच तर मालकाचा माग लागायचा होता.

"त्या मळातच सगळं होतं हो."

"तुम्ही दोघं मळालाच मान द्यायचात! माझ्या गालिच्यावर इतके तेलाचे डाग पडले, ते नाही कुणी वाचले." ती डोळे पुसत हसली. "घेऊन जा आता. तुमच्या कपाटात याच्यासाठी जागा धरून ठेवलीय, मला का ठाऊक नाही?"

खरंच होतं ते. किती वर्षं डोळा होता त्याचा त्यावर. आता शिक्का नाही म्हणजे ओळख नाही, आणि ओळख नाही म्हणजे वचनही नाही. कुणी बोट दाखवलं नसतं. गुडघे तर कुरकुरतच होते. अल्लाहनंच सुटका केली, असंही मनात आलं. आणि रोजा धरून आपण कसली पळवाट शोधतोय, म्हणून त्याचं त्यालाच ओशाळं वाटलं.

त्यानं मूठ निरखली. वेब्लीची मूळ मूठ काळ्या रबराची. ही लाकडी, म्हणजे कुणीतरी हौसेनं मागाहून बसवलेली. तिचा स्क्रू गंजानं असा धरला होता, की लाकूड फुटेल या भीतीनं मुहर्बीनं कधी जोर लावला नव्हता. जानबेकनं खिशातलं पेचकस टेकवलं. लिंबाच्या रसानं गंज सुटला होता; स्क्रू अलगद फिरला.

लाकडाच्या आतल्या अंगाला तापल्या सळईनं उठवलेली खूण होती: गळासारखा एक आकडा, खाली दोन ठिपके.

"उंटाला डागतात तशी दिसते," नफसेत वाकून म्हणाली.

"तशीच आहे." जानबेकनं खुणेवर बोट ठेवलं. "दक्षिणेतल्या जफर गावच्या मुतलकच्या उंटांवर हीच असते. मी आणि मुहर्बी त्याच्या तंबूत कॉफी प्यायलोय. त्याचा बाप फौजेच्या वाळवंटी गस्तीवर होता; हे त्याचंच असणार."

"मुतलक आहे का अजून?"

"नसला तर मुलं असतील."

"आणि तुमची कपाटातली जागा?"

"राहू दे रिकामी. झाडायला सोपी."

दुसऱ्या दिवशी पहाटेची नमाज झाल्यावर त्यानं गुडघ्याला लोकरी पट्टी गुंडाळली. रिव्हॉल्व्हरचा घोडा कधीच निकामी केलेला होता, तरी परवाना सोबत घेतला. रुमालाची गाठ पुन्हा एकदा चाचपली आणि काठी टेकत, कुणाला हाक न मारता, तो दक्षिणेच्या बसकडे चालू लागला.