पडदा ओढायचा तो कुणाच्या काट्यावर

साहेब, आमची टोळी तुम्ही मोडली. पावसावर ढकलू नका. पाऊस पडला आणि गेला. तुम्ही साताऱ्याच्या गार हॉलमध्ये जे सांगितलंत, ते अजून आमच्या उरावर बसलंय.

मी अर्जुना, टोळीची जीप चालवतो. आमच्या पूर्वेच्या माळावरनं रोज सकाळी बाया भरायच्या आणि तासगावला भरतेशअण्णांच्या बेदाण्याच्या शेडवर उतरवायच्या, हे माझं काम. सोनमवहिनी टोळीची मुकादम. बायांनीच केलेली. ती तोंडावर भांडते, पण कुणाला वाऱ्यावर सोडत नाही म्हणून.

आमच्यात काटा एकच असायचा. दिवसभरात सगळ्यांनी मिळून जेवढा बेदाणा निवडला, तेवढा एकदम तोलायचा आणि मजुरी सारखी वाटायची. हरणामावशीचे गुडघे गेलेले. ती दाराशी बसून निवडायची, हात चालायचा तसा. दाराशी बसल्यामुळं आभाळ तिलाच आधी दिसायचं. ती ओरडली की हातातलं टाकून सगळ्या पळायच्या आणि शेडच्या चारी बाजूंचे पडदे खाली ओढायच्या. वर जाळ्यांवर द्राक्षं वाळत असायची. ती भिजली की काळी पडतात, मग कुत्रंसुद्धा हुंगत नाही.

तुम्ही वहिनीला साताऱ्याला तुमच्या मुकादमांच्या प्रशिक्षणाला बोलावलंत. पुढारी व्हायचं तर बदल घडवावा लागतो म्हणालात. ज्याचं काम त्याचं माप, कमी पडेल त्याला बाजूला करा, कुरकुर होईल तिकडं लक्ष देऊ नका. वहिनी आयुष्यात पहिल्यांदा खुर्चीवर बसून चहा प्यायली होती. तिनं तुमचा शब्द न शब्द खरा धरला.

दुसऱ्या आठवड्यापासून बाईगणिक क्रेट आला, क्रेटगणिक काटा. माल वाढला, खोटं कशाला बोलू. अण्णा खूश. तुम्ही फोनवर शाबासकी दिलीत. जीपमधली गाणी तेवढी बंद झाली. एकमेकींच्या क्रेटकडं बघत बाया यायच्या आणि जायच्या. हरणामावशीचं माप सगळ्यात कमी भरलं. वहिनीनं तिला घरी बसवलं.

मग ते आभाळ आलं. दारात कुणी नव्हतं. थेंब पत्र्यावर वाजले तेव्हा वहिनी पडद्याकडं धावत ओरडली, चला गं. दोघी उठल्या. बाकीच्यांनी क्रेट पोटाशी ओढले. बनुबाई बसल्या जागेवरनं म्हणाली,

"पडदा वडला तर माझा काटा हलतो व्हय?"

वहिनीच्या हातातली दोरी सुटली. पश्चिमेची सगळी बाजू भिजली. बाया एकमेकींवर खापर फोडत घरी गेल्या.

अण्णा शिव्या देत नाहीत. हात जोडून म्हणाले, परवा सकाळी सगळी टोळी आली तर ठीक, नाहीतर मी बाहेरची माणसं आणतो. तेव्हापासून वहिनी दारोदार फिरली, मी मागनं जीप घेऊन. दोघीजणी दुसऱ्या शेडवर लागल्यात. एकीनं कडी काढली नाही. बनुबाई म्हणाली, मला शिकवलंस तशीच वागले, आता रडतीस कशाला?

शेवटी हरणामावशीकडं गेलो. वहिनीनं तिचे पाय धरले. म्हातारीनं पाय मागं घेतले.

"येती की गं. पर मला कशात धरनार? मापात न्हाई, मग कशात?"

वहिनीनं तिच्यासमोरच तुम्हाला फोन लावला. स्पीकरवर. मीही ऐकलं. तुम्ही म्हणालात, बदलाला सुरुवातीला त्रास होतोच, ठाम राहा, बैठकीत आहे, नंतर बोलू. वहिनी मावशीच्या उंबऱ्यावर बसली ती अजून उठलेली नाही. नवरा तिला घरी न्यायला येऊन गेला. जुना काटा परत आणते, सारखं वाटू, असं ती बायांना सांगून दमली होती. आता तिच्या शब्दावर कुणाचा विश्वास नाही, आणि तिचा स्वतःचाही उरलेला नाही.

उद्या सकाळी जीप देवळापुढं लावणार आहे. कोण बसेल मला माहीत नाही. पुन्हा आभाळ भरून आलंय.

तर साहेब, बैठक संपली असेल. पडदा ओढणाऱ्या बाईचं माप तुमच्या कुठल्या काट्यावर करायचं? वहिनीला नको, मला सांगा. मी फोन धरून उभा आहे.