कलती धार

मित्रांनो, मी एक जुना घडीचा चाकू आहे. लाकडी मूठ, बोटभर पातं आणि ते मुठीत मिटायला एक खिळा, एवढाच माझा देह. आता फार बोलवत नाही. तरी एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे, ती ऐका.

माझा जन्म लांबच्या एका कारखान्यात झाला. दिवसभर पाती घासून दमलेल्या कामगाराने पाळी संपता संपता मला फिरत्या दगडावर धरलं. एक बाजू नीट घासली, दुसरी नुसती टेकवली आणि मला खोक्यात टाकलं. त्यामुळे माझी एक बाजू उतरती झाली आणि दुसरी जवळजवळ सपाट राहिली. दिसायला मी चकचकीत होतो, पण कापताना सरळ जात नसे. सपाट बाजूकडे ओढ घेत असे.

नांदेडच्या बाजारातून मला अमृतरावांनी घेतलं आणि चाकूरजवळच्या आपल्या गावी आणलं. लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंग अजून ताजा होता. आमच्या गावात मात्र सलग दुसऱ्या वर्षी पाऊस नव्हता. अमृतरावांची बायको उमाबाई रोजगार हमीच्या कामावर खडी फोडत होती. घरात गंगम्मा होती, अमृतरावांची आई; उमाबाई सासूला आत्याबाई म्हणायची. तिची नजर पार गेलेली होती.

अमृतराव म्हणत होते, "पोटासाठी आता पुण्याकडं जावं लागतंय."

"आन् आत्याबाईला कुठं ठिवायचं?" उमाबाई विचारायची. तरी त्यांनी कपड्यांचं गाठोडं बांधून ठेवलं होतं.

अशात फळबागेच्या खात्यातले शेषेराव गावात आले. नाल्याकाठच्या रानबोरी तेवढ्या हिरव्या होत्या, कारण त्यांची मुळं खोल गेलेली. त्या रानबोरींवर चांगल्या बोरीचे डोळे भरायचे होते. मित्रांनो, फांदीवर जिथून कोंब फुटतो त्याला डोळा म्हणतात. तो पातळ सालीसकट अलगद काढायचा, रानबोरीच्या सालीला चीर देऊन आत बसवायचा आणि पट्टीने बांधायचा. शेषेरावांनी प्रत्येकाला दहा खुंटं, म्हणजे डोळे भरायच्या रानबोरी, नेमून दिली. ज्याचे सात डोळे फुटतील त्याला गावाजवळच्या नव्या रोपवाटिकेत बारमाही काम मिळणार होतं.

उमाबाईने मला कनवटीला लावलं आणि मोठ्या आशेने गेली. मी तिला दगा दिला. ती डोळा काढू लागली की मी आत लाकडात शिरायचो. साल फाटायची, डोळा जाड निघायचा, चिरेत बसायचा नाही. तीन आठवड्यांनी पट्ट्या सोडल्या, तर दहाच्या दहा डोळे काळे पडलेले.

"बाई, तुमचा हात जड हाय," शेषेराव म्हणाले. "खडी फोडणाऱ्या हाताचं काम न्हाई हे."

उमाबाई घराकडे निघाली. वाटेत तिने आपले तळवे पुन्हा पुन्हा उलटेपालटे करून पाहिले. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. दोष माझा होता आणि मला तोंड नव्हतं.

घरी तिने मला चुलीपाशी टाकलं. दुसऱ्या दिवशी गंगम्मा माझ्याने कांदा कापायला बसली. चकती एकीकडे जाड आणि एकीकडे पातळ पडत होती. ती थांबली. तिने माझ्या दोन्ही बाजूंवरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा.

"उमा, इकडं ये गं. ह्याचा एक गाल उतरता हाय न् एक सपाट. तुझा हात न्हाई, हा चाकूच वाकडा चालतोय."

"आत्याबाई, आता काय उपेग? संधी गेली."

"गेली कशी? जाऊन इचार त्यास्नी. मी ह्याला सरळ करते."

गंगम्माने निसणा, म्हणजे धार लावायचा दगड, मागून घेतला. पण निसण्याला पाणी लागतं, आणि टँकर चार दिवसांनी यायचा. घरात रोज माणशी तांब्या तांब्या पाणी वाटून घ्यायचे. गंगम्मा आपल्याच वाट्याच्या तांब्यात बोटं बुडवून निसण्यावर थेंब टाकायची आणि माझी सपाट बाजू घासायची. असे तिने पाच दिवस काढले. तिचे ओठ सुकलेले असायचे. घासलं जाताना मला दुखलं नाही. त्या थेंबांचं ओझं वाटलं.

मग मला घेऊन उमाबाई शेषेरावांपुढे उभी राहिली. "साहेब, आणखी दहा खुंटं द्या. चाकूची धार कलती व्हती. आता बी न्हाई जमलं तर परत तोंड दाखवणार न्हाई."

त्यांनी मला उघडलं, उजेडात धरून पाहिलं आणि मान डोलावून बरोबरच्या माणसाला सांगितलं, "द्या दहा."

त्या वेळी मी सरळ गेलो. साल कागदासारखी सुटली. उमाबाईने नाल्याच्या वाळूत नवा झिरा खणला आणि त्यात झिरपणाऱ्या गढूळ पाण्याच्या रोज दोन घागरी त्या खुंटांना घातल्या. महिन्याच्या आत आठ डोळे फुटले.

"हाताला बोललो, ते चुकलं माझं," शेषेराव सगळ्यांसमोर म्हणाले.

उमाबाईने घरी येऊन पहिलं कोवळं पान गंगम्माच्या बोटांत दिलं. गंगम्माने ते गालाला लावलं. अमृतरावांनी बांधलेलं गाठोडं सोडलं.

त्यानंतर वीस वर्षं मी रोपवाटिकेत राबलो. किती डोळे भरले ते मला आठवत नाही. चाकूर, अहमदपूर, पार किनवटपर्यंत आमची रोपं गेली. नवख्या बायांना शिकवताना उमाबाई आधी त्यांचा चाकू मागून घ्यायची, दोन्ही गालांवरून अंगठा फिरवायची आणि मगच म्हणायची, "हां, आता काप." गंगम्मा तोवर गेली होती.

पुढे नवे चाकू आले. मी घासून घासून काडीएवढा उरलो. उमाबाईचेही हात थरथरू लागले. आता मी रोपवाटिकेच्या बांधकामावर सिमेंटच्या गोण्या उसवतो आणि ओलाच फडताळात फेकला जातो. खिळ्यापाशी गंज चढला आहे. उघडताना कण्हतो, तर लोक हसतात.

मित्रांनो, कुणाचं काम बिघडलं तर त्याचा हात जड म्हणण्याआधी त्याच्या हातातलं हत्यार एकदा दोन्ही बाजूंनी पाहा. आणि माझ्याबद्दल म्हणाल, तर मला आता धार लावू नका. लावायला पोलाद उरलेलं नाही. फक्त कोरडं पुसा, तेलाचा एक थेंब सोडा आणि मिटून ठेवा. मी फार थकलो आहे.